थोडं चालतं

"मावशी, एवढ्या जोरात नाही गं. थोडं चालतं."

सौरभ हे म्हणाला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मागच्या नोव्हेंबरात मी महिनाभर त्याच्याकडे शिकागोला राहायला गेले होते. एका रविवारी बाहेर बारीक, बोचरा पाऊस लागलेला, म्हणून तो मला घराजवळच्या एका जुन्या यंत्रखेळांच्या दालनात घेऊन गेला. लांबलचक अंधाऱ्या खोलीत पिनबॉलची यंत्रं भिंतीला पाठ लावून ओळीने उभी होती, आणि त्यातल्या एकाशी, का कोण जाणे, माझं जमलं. चार पायांवर उभा पेटारा, वर काच, काचेखाली आपल्याकडे उतरत येणारा रंगीत पट आणि पटावर झोक्यासारखं डावीकडून उजवीकडे हलत राहणारं एक लक्ष्य. गोळी त्या झोक्याला लागली की घंटा वाजायच्या आणि समोरची आकड्यांची चाकं खडखड फिरायची. पाचव्या-सहाव्या डावाला माझा हात बसला. मग एक गोळी वरून सरळ, अगदी मधोमध खाली यायला लागली. तळाशी बटण दाबलं की गोळीला परत वर फटकारणारे दोन छोटे दांडे असतात, ते फ्लिपर. त्या दोन फ्लिपरांमधल्या फटीतून ती जाणार हे दिसत होतं. काही विचार न करता मी दोन्ही तळहातांनी पेटारा ढकलला. समोरच्या काचेवर 'टिल्ट', म्हणजे 'कललं', हा शब्द पेटला. घंटा थांबल्या. बटणं दाबली तर फ्लिपर हलेनात. गोळी मात्र चालूच होती. लाकडावरून घरंगळण्याचा तिचा आवाज इतका वेळ घंटांच्या गलक्यात ऐकूच आला नव्हता. आता तेवढाच ऐकू येत होता. फटीतून खाली जाऊन तोही संपला.

थोडं म्हणजे किती?

घरी परतताना, जेवताना, नंतर भांडी आवरतानाही माझ्या डोक्यात तेच. हरल्याचं काही नव्हतं. पण 'थोडं चालतं' ही काय भानगड आहे? कणकेत पाणी थोडं, आमटीत गूळ थोडा, सुनेच्या चुकांकडे काणाडोळा थोडा, हे सगळं आपण अंदाजाने करत आलो. माणसाचा अंदाज माणसाला कळतो. यंत्राला हो किंवा नाही एवढंच कळतं, अशी माझी समजूत. मग या यंत्राला 'थोडं' कुणी शिकवलं? आणि त्याहून खोल काही तरी बोचत होतं. घंटा थांबल्यावर जी शांतता झाली ती मी आधी कुठे तरी ऐकलेली होती. कुठे, ते लगेच आठवेना.

आधी आठवलं ते आजोळ. मे महिन्यात दुपारी ओसरीवर आम्ही मावस-मामे भावंडं एका फळीभोवती पालथी पडायचो. वरून गोल केलेली प्लायवूडची फळी, तिच्यावर अर्धगोलात ठोकलेले खिळे, मध्ये १०, ५०, १०० असे रंगवलेले आकडे, आणि उजव्या कडेला स्प्रिंगचा दट्ट्या. बॅगाटेल. मूळच्या गोळ्या कधीच्या हरवलेल्या, म्हणून मामाने सायकलच्या दुकानातून छर्रे आणून दिलेले. छर्रा खिळ्यांमधून टकटक आपटत यायचा आणि शंभराच्या घरापाशी येऊन, अगदी दारात, पलीकडे वळायचा. अशा वेळी आम्ही सगळेच गुडघ्याने फळी हळूच उचलायचो. कुणी पाहिलं तर भांडण, नाही पाहिलं तर शंभर गुण. दट्ट्याची ती स्प्रिंग १८७१ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने बॅगाटेलला बसवून तिचं पेटंट घेतलं, हे मला आत्ता, छप्पन्नाव्या वर्षी कळलं. म्हणजे आजोळची ती फळी आणि हे घंटा वाजवणारं धूड ही एकमेकांची चुलत भावंडं. सौरभची पिढी पिनबॉल शिकली ती संगणकावर. शाळेत असताना आमच्या घरी आला की विंडोजमधला तो अंतराळाचा पिनबॉल तासन्‌तास खेळायचा. त्यातही म्हणे एक कळ दाबून टेबल हलवता यायचं, आणि तिथेही अती केलं की टिल्ट. त्यामुळे त्याला 'थोडं' माहीत होतं. मला गुडघा माहीत होता.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले. ज्या यंत्राने मला गप्प केलं त्याच्या काचेवर 'विल्यम्स' असं नाव होतं, तेव्हा सुरुवात तिथूनच केली. हॅरी विल्यम्स, स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकलेला तरुण, महामंदीच्या काळात कॅलिफोर्नियात ही यंत्रं बनवण्याच्या नादाला लागला. १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने 'बॅफल बॉल' नावाचं यंत्र साडेसतरा डॉलरला बाजारात आणलं होतं आणि त्याचा सुकाळ झाला होता. हाताला काम नाही, खिशात चार नाणी, अशी माणसं औषधांच्या दुकानात, दारूच्या गुत्त्यात कट्ट्यावर ठेवलेल्या या पेटीत एक सेंट टाकायची. त्या यंत्रांना फ्लिपर नव्हते. गोळी एकदा वर सोडली की पुढे काय करायचं ते खिळे करणार. माणसाच्या हातात उरायचं ते एवढंच, पेटीला थोपटणं, कंबरेने ढोसणं, तळहाताने खालून थाप मारणं. म्हणजे ढकलणं हाच खेळ होता. विल्यम्सच्या 'अ‍ॅडव्हान्स' नावाच्या यंत्राला एक जण खालून थापा मारून फुकटात गोळ्या घरात पाडतोय, हे त्याने एका दुकानात स्वतः पाहिलं आणि तो इतका चिडला की त्याने पेटीच्या बुडातून टोकं बाहेर येतील असे खिळे ठोकले, असं सांगतात. पुढच्याने थाप मारावी आणि हात फोडून घ्यावा. पण मग त्याचं त्यालाच ते बरोबर वाटेना.

मी इथे बराच वेळ थांबले होते. खिळे उपटून टाकणारा हा पंचविशीतला माणूस मला फार जवळचा वाटला. कारण पुढे त्याने जे केलं ते रागावलेल्या माणसाला सुचत नाही. त्याने एका छोट्या बैठकीवर एक गोळी तोलून ठेवली. पेटी फार हलली की गोळी बैठकीवरून पडायची आणि खेळ संपायचा. तो याला चुगलखोराच्या नावाने ओळखायचा, पण कुणी तरी खेळताना ओरडलं, 'बघ, मी टिल्ट केलं!' आणि तेच नाव पडलं. पुढे गोळीच्या जागी ओळंबा आला. अगदी आपल्या गवंड्याच्या हातात असतो तसा, सळईला लोंबणारं एक वजन आणि त्याच्याभोवती धातूचं कडं. पेटी थोडी हलली तर ओळंबा कड्याच्या आतच डुलतो, काही होत नाही. जास्त हलली तर कड्याला टेकतो, वीज वाहते, खेळ खलास. ओळंबा आणि कडं यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, ती 'थोडं'. ती कमी-जास्त करता येते. सगळं हलवणंच बंद पाडायचं असतं तर विल्यम्सला सोपं होतं, पेटी जमिनीला बोल्टाने आवळायची. त्याने फसवणूक अडवली आणि आर्जव चालू ठेवलं.

मंगळवारी सकाळी त्या दालनात दुरुस्तीवाला येतो असं सौरभला ठाऊक होतं. मी एकटीच गेले. पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, गळ्यात विजेरी. मी माझा प्रश्न मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारला. त्यांनी काही न बोलता माझ्याच यंत्राची काच सरकवून काढली, पट एखाद्या मोटारीच्या बॉनेटसारखा उचलून उभा केला आणि विजेरी आत धरली. डाव्या कोपऱ्यात ओळंबा होता. मी बोटाने हलवला. तो डुलला, कड्याच्या आत राहिला, थांबला. पण माझं लक्ष तोवर उडालं होतं. पेटाऱ्याच्या तळात, लाकडी फळीवर, ओळीने रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारे स्विच, बसवलेले होते. तांब्याच्या तारेचं वेटोळं, वर लोखंडी जीभ, जिभेच्या टोकाला चांदीच्या ठिपक्यांच्या पातळ पट्ट्या. कापडी वेष्टणाच्या रंगीबेरंगी तारा, मेणदोऱ्याने बांधलेल्या जुड्यांमधून प्रत्येकाकडे गेलेल्या. गृहस्थांनी यंत्र चालू केलं आणि एकापाठोपाठ एक जिभा ओढल्या गेल्या. टक, टटक, टक. आणि तो वास. तापलेली तार, जुनं वंगण, धूळ.

हा माझ्या अण्णांच्या शर्टाचा वास होता.

अण्णा टेलिफोन खात्यात टेक्निशियन होते, आमच्या जिल्ह्याच्या गावी, स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये, म्हणजे फोन आपोआप जोडून देणाऱ्या जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये. ज्यांनी ती स्विचरूम पाहिली नाही त्यांना कसं सांगू? दाराशी चपला काढायच्या, कारण धूळ हा तिथला शत्रू. आत छतापर्यंत रॅक आणि रॅकवर शेकडो सिलेक्टर. गावात कुणी फोनची चकती फिरवली की इथे एक दांडा टकटक करत वर चढायचा, मग वळायचा आणि बरोबर त्या घरावर जाऊन थांबायचा. पाच फिरवलं की पाच वेळा टक. आकडा कानाला ऐकू यायचा. सकाळी दहाला बाजार उघडला की पत्र्यावर मोठा पाऊस सुरू झाल्यासारखा आवाज व्हायचा, आणि रात्रपाळीत दोन वाजता अख्ख्या खोलीत एखादाच दांडा चढायचा. 'कुणाकडे तरी आजारपण दिसतंय,' अण्णा म्हणायचे. शाळेच्या सुट्टीत मी डबा घेऊन जायची आणि स्टुलावर बसून ऐकत राहायची. ते नुसते आवाजावरून ओळखायचे की तिसऱ्या रॅकमध्ये एक रिले चिकटतोय. मग खिशातून जाड कागदाची पट्टी काढायचे. लग्नपत्रिका हा त्यांचा आवडता कागद, कारण तो कडक असतो आणि त्याचे तंतू सुटत नाहीत. वर्षभराच्या पत्रिका आई जपून ठेवायची आणि अण्णा रविवारी कात्रीने त्यांच्या पट्ट्या कापायचे. पट्टी दोन ठिपक्यांमध्ये घालायची, रिलेची जीभ बोटाने अलगद दाबायची, पट्टी ओढायची. फार दाबलं तर पट्टी फाटते, पातं वाकतं. कमी दाबलं तर मळ निघत नाही. 'किती दाबू?' मी विचारायची. 'थोडं,' अण्णा म्हणायचे.

वाचताना पुढे कळलं की ज्याच्या नावाने अण्णांचं एक्स्चेंज ओळखलं जायचं त्या स्ट्रोजरची कंपनी, ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक, शिकागोचीच. आणि वेस्टर्न इलेक्ट्रिकचा टेलिफोनची सामग्री बनवणारा प्रचंड हॉथॉर्न कारखाना शहराला अगदी लागून, सिसेरोत. पिनबॉलच्या सगळ्या मोठ्या कंपन्या, गॉटलिब, बॅली, विल्यम्स, एकाच गावात का उगवल्या याचं कोडं मला त्या वाक्याने सुटल्यासारखं वाटलं. रिले, वेटोळी, तारांच्या जुड्या यांची जाण ज्या शहराच्या बोटांत आहे, तिथेच असला खेळ जन्मतो. कारखान्यांच्या जुन्या छायाचित्रांत लांब टेबलांशी बसून तारा जोडणाऱ्या बायका दिसतात, केसांना रुमाल बांधलेल्या, मान खाली. त्यांच्यातल्या एकीचंही नाव खाली दिलेलं नाही. मी ती छायाचित्रं मोठी करून त्यांचे हात पाहत बसायची.

विल्यम्सने स्वतःची कंपनी काढली १९४३ साली, शिकागोत, युद्ध चालू असताना. पुढे सॅम स्टर्न नावाचा माणूस भागीदार झाला. पण या कंपनीच्या गोष्टीत माझा जीव अडकला तो स्टीव्ह कोर्डेकपाशी. १९३७ साली तो कामाच्या शोधात होता. रस्त्याने जाताना पावसाने गाठलं, म्हणून एका इमारतीच्या आडोशाला शिरला. आतल्या बाईने विचारलं, काम हवंय का? ती 'जेन्को' नावाची पिनबॉलची कंपनी होती. ताशी ४५ सेंटवर तो जोडणीला लागला. पिनबॉल म्हणजे काय हेही त्याला तोवर माहीत नव्हतं. १९४७ मध्ये गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी'ला पहिल्यांदा फ्लिपर आले, हॅरी मॅब्सच्या डोक्यातून, पण ते सहा होते आणि दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत पसरलेले. पुढच्या वर्षी कोर्डेकने 'ट्रिपल अ‍ॅक्शन'मध्ये फक्त दोन ठेवले, अगदी तळाशी, आणि त्यांना चांगली ताकद दिली. आजही पिनबॉल म्हटलं की तीच मांडणी. खेळणाऱ्याचे दोन हात, यंत्राचे दोन हात. १९६० मध्ये कोर्डेक विल्यम्सकडे आला आणि जवळजवळ चाळीस वर्षं राहिला. मला गप्प करणारं ते झोक्याचं यंत्र, 'स्पेस मिशन', त्याचंच. १९७६ चं. आदल्या वर्षी अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयूझ अंतराळात एकमेकांना जोडली गेली होती, त्यावर बेतलेलं. कोर्डेक शंभर वर्षं जगला, २०१२ मध्ये गेला. पाऊस चुकवायला तो जेन्कोत शिरला आणि पाऊस चुकवायला मी त्याच्या यंत्रापाशी आले. त्यात काही अर्थ असेलच असं नाही, पण मला बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र वाचून जीव खट्टू झाला. इतकी वर्षं हा खेळ जुगार म्हणून बदनाम होता. न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली महापौर ला गार्डियाने बंदी आणली आणि जप्त केलेल्या यंत्रांवर घण घातले, त्याची छायाचित्रंही काढून घेतली. ज्या शिकागोत ही यंत्रं बनत तिथेही ती उघडपणे खेळायला मनाई. म्हणजे दिवसभर तारा जोडणाऱ्या त्या बायकांना आपल्याच गावात, आपण केलेल्या यंत्रावर, दोन घटका खेळता येत नव्हतं. न्यूयॉर्कची बंदी उठली ती १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने नगरपरिषदेपुढे यंत्र मांडून दाखवलं. दट्ट्या ओढण्याआधी त्याने सांगितलं की गोळी मधल्या मार्गाने जाईल, आणि ती गेली. हा हाताचा खेळ आहे हे सिद्ध करायला चौतीस वर्षं लागली.

त्यानंतर रिले फार काळ टिकले नाहीत. विल्यम्सचं पहिलं इलेक्ट्रॉनिक यंत्र, 'हॉट टिप', १९७७ चं. १९७९ मध्ये त्यांचं 'गॉर्गर' बोलायला लागलं. चक्क माणसासारखे शब्द उच्चारणारं पहिलं पिनबॉल. पडद्यावरच्या खेळांची लाट आली तेव्हा 'डिफेंडर'सारखा खेळ काढून कंपनी त्यातही पुढे गेली, आणि गंमत म्हणजे एवढं सगळं होऊनही पिनबॉल तगला. १९८८ मध्ये तर बॅलीचा पिनबॉलही विल्यम्सनेच घेतला. १९९२ मध्ये पॅट लॉलर आणि लॅरी डिमार यांनी 'अ‍ॅडम्स फॅमिली' केलं, त्याची २० हजार २७० यंत्रं विकली गेली. इलेक्ट्रॉनिक काळात इतकं दुसरं कुठलंच खपलेलं नाही.

१९९२. हे साल वाचून मी लॅपटॉप मिटला.

त्याच वर्षी आमच्या गावचं स्ट्रोजर बंद झालं. शेजारच्या खोलीत नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज महिनाभर आधीपासून तयार होतं, चार कपाटांएवढं, थंड हवेत, बिनआवाजाचं. एका शनिवारी रात्री बदली करायची ठरली. अण्णांनी आईला आणि मला बोलावून घेतलं होतं. ठरलेल्या वेळी पाच-सहा जण रॅकांच्या मध्ये उभे राहिले आणि कुणी तरी हात वर केल्यावर भराभर फ्यूज काढत गेले. तेवढ्यात एक दांडा चढत होता, तो मध्येच सुटून खाली आला. मग काही नाही. आयुष्यभर ज्या खोलीत मी पाऊस ऐकला होता तिथे आमच्या श्वासांचा आवाज यायला लागला. अण्णा हातातला फ्यूज बघत उभे. पहाटे घरी आल्यावर त्यांनी कानांत बोटं घातली आणि म्हणाले, "तिथे आता कान दुखतात, इतकं शांत आहे."

टिल्टची शांतता मी कुठे ऐकली होती ते असं सापडलं.

आणि तरी अण्णांच्या त्या रात्रीबद्दल मला निखळ दुःख करता येत नाही. आमच्या आळीत सात-आठ वर्षं नंबर लावून बसलेली घरं होती. नवं एक्स्चेंज आल्यावर त्यांच्याकडे फोन आले. समोरच्या काकूंचा मुलगा मस्कतला होता; पहिल्यांदा त्याचा आवाज घरात ऐकला तेव्हा त्या रिसीव्हर हातात धरून नुसत्या रडत होत्या. अण्णाही म्हणायचे, हे व्हायलाच हवं होतं. त्यांची नोकरी गेली नाही, फक्त काम गेलं. त्यांना हिशोबाच्या टेबलावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या वरच्या खिशात पट्ट्या असायच्या आणि घरातल्या रेडिओला, मिक्सरला, शेजाऱ्यांच्या बेलला त्या लागायच्या. नंतर बेलही अशा आल्या की त्या उघडतच नाहीत.

शिकागोत जे झालं त्याचा मात्र मला राग येतो. नव्वदीच्या शेवटी शेवटी विल्यम्सचा पिनबॉल तोट्यात जायला लागला. कंपनीने आपल्याच माणसांना सांगितलं, काही तरी नवं करून दाखवा. त्यांनी केलं. वरच्या पडद्यावरचं चित्र काचेवर असं पाडायचं की खरी गोळी आणि चित्रातली माणसं एकाच पटावर आहेत असं वाटावं. गोळी उडवायची ती चित्रातल्या मंगळवाल्याला, आणि तो फुटायचा. 'पिनबॉल २०००' म्हणत त्याला. १९९९ मध्ये त्याची दोन यंत्रं बाजारात आली, तिसऱ्याचं काम चालू होतं. आणि २५ ऑक्टोबर १९९९ ला कंपनीने पिनबॉलचा विभागच बंद केला. स्लॉट मशीनमध्ये, कसिनोतल्या जुगाराच्या यंत्रांत, तिला जास्त पैसा दिसत होता. ज्या खेळाला जुगार म्हणून घणाखाली घातलं, ज्याने तो जुगार नाही हे हाताने सिद्ध केलं, त्याला त्याच्या स्वतःच्या घरात जुगाराच्या यंत्रासाठी जागा करून द्यावी लागली. स्लॉटला तुम्ही कितीही ढकला, त्याला फरक पडत नाही. आत ओळंबा नाही. सांगितलेलं काम करून दाखवल्यावर त्या माणसांना घरी पाठवलं, हे मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. अण्णांच्या खोलीतली शांतता कुणाच्या तरी घरी घंटा वाजावी म्हणून झाली होती. ही कशासाठी झाली?

नंतर सगळं संपलं असंही नाही. हॅरी विल्यम्सच्या भागीदाराचा, सॅम स्टर्नचा मुलगा गॅरी याने त्याच वर्षी दुसरी एक बुडती पिनबॉल कंपनी घेतली आणि पुढची कित्येक वर्षं जवळजवळ एकट्याने हा धंदा जिवंत ठेवला. त्याचा कारखाना आजही शिकागोच्याच परिसरात आहे. सौरभ म्हणतो आता पुन्हा बरे दिवस आलेत. येवोत.

परतायच्या आदल्या मंगळवारी मी पुन्हा गेले. गृहस्थ होतेच. 'स्पेस मिशन' उघडून बसले होते. एका खेळाडूचे दहाचे गुण मोजले जात नव्हते. त्यांनी मला ओळखलं. मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. 'रिले' आणि 'टेलिफोन' एवढं ऐकून त्यांनी चष्मा वर सरकवला. मग खिशातून एक व्हिजिटिंग कार्ड काढलं, कात्रीने त्याची बोटाएवढी पट्टी कापली आणि माझ्यासमोर धरली. यंत्र बंद आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं. मी पेटाऱ्यावर वाकले. चष्म्याशिवाय ठिपके दिसेनात, पण बोटांना सापडले. पट्टी मध्ये सरकवली, लोखंडी जीभ अंगठ्याने दाबली, फार नाही, आणि ओढली. पट्टीवर एक काळी रेघ आली. पुन्हा ओढली, रेघ फिकट. तिसऱ्यांदा कागद स्वच्छ निघाला. त्यांनी पट खाली केला, काच लावली, यंत्र चालू करून सुरुवातीचं बटण दाबलं. समोरची सगळी चाकं एकदम फिरायला लागली, खडखडखडखड, एकेक करत शून्यावर येऊन थांबली, आणि त्यांच्या खाली आत कुठे तरी रिले ओढले जात होते, टक, टटक, टक, सकाळी दहाला बाजार उघडल्यासारखे.